तेहतिसावा रकाना

मूल,
४ जून २०२५

विषय : तुझ्या नव्या फॉर्मबद्दल अभिनंदन आणि तक्रार, एकाच टपालात.
संदर्भ : तू.

राजदीप बेटा,

दुआ. तू मोबाईलवर पाठवलेला मजकूर सुनेने वाचून दाखवला. पण मी मोबाईलवर लिहिलेल्याला उत्तर देत नाही, हे तुला माहीत आहे. एकेचाळीस वर्षं तहसील कचेरीसमोर चिंचेखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले, आता अंगठ्याने लिहायला शिकणार नाही. तूही कागदावरच लिही, म्हणजे तुझं अक्षर किती बिघडलंय ते कळेल.

रहिवासी दाखल्याचा ऑनलाईन फॉर्म तू बनवलास, हे तुझ्या आईकडून कळलं. तिने गल्लीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. नंतर नजमाच्या ऑनलाईन सेवा केंद्रात, म्हणजे माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, तो फॉर्म पाहिला आणि पेढा परत करावासा वाटला.

फॉर्म दिसायला देखणा आहे. पांढराशुभ्र, मधे निळं बटण. सरकारी वाटतच नाही, दवाखान्याची जाहिरात वाटते. पण काल पोंभुर्ण्याच्या पलीकडून रुखमाबाई आली, मुलगी हर्षाला घेऊन. हर्षा बारावी झाली आहे, नर्सिंगला नंबर लागला आहे. ३१ जुलैपर्यंत रहिवासी दाखला दिला तर जागा तिची, नाहीतर पुढच्या नंबरची. तुझ्या फॉर्मने विचारलं, वडील हयात आहेत की हयात नाहीत. हयात आहेत म्हटलं तर वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी जातो. हयात नाहीत म्हटलं तर मृत्यूचा दाखला मागतो.

हर्षाचा बाप मुखरू सात वर्षांपूर्वी मिरची तोडायला तेलंगणात गेला. बाकीचे सगळे उन्हाळ्यात परत आले. हा आला नाही. नजमाने आधारला जोडलेल्या त्याच्या जुन्या नंबरवर फोन लावला, तर एका बाईने उचलला, तेलुगूत काहीतरी बोलली आणि ठेवून दिला. नजमा म्हणाली, नेटवर्क नाही. रुखमाबाई म्हणाली, "नेटवर्क नाई म्हनाचं काम नाई, बाई. आवाज मले आयकू आला."

आता या माणसाला मी कुठल्या चौकोनात बसवू? कळावे.

तुझा,
बाबूचाचा

———

नागपूर,
१२ जून २०२५

आदरणीय बाबूचाचा,

जयभीम आणि सलाम. अक्षराबद्दल माफी. पेन शोधायलाच दोन दिवस गेले. शेवटी ऑफिसच्या वॉचमनकडून आणलं.

तुमची तक्रार वाचून आनंद झाला, कारण इथे कोणी तक्रारच करत नाही. जुना फॉर्म तुम्हाला आठवतो का? चौसष्ट रकाने. आजोबांचं जन्मगाव, घराचं छप्पर, अंगावरची खूण. मी ते नऊवर आणले. आमच्या धंद्यात याला माहिती लपवणं म्हणतात, आणि ही चांगली गोष्ट समजली जाते. घरात राहणाऱ्याला नळ दिसला पाहिजे, भिंतीतला पाइप दिसायची गरज नाही. ज्याला जे लागत नाही ते त्याला दाखवायचं नाही. फॉर्म चार मिनिटांत भरून होतो. अर्धवट सोडून जाणारे लोक निम्म्याने कमी झाले आहेत, माझ्याकडे आलेख आहे.

तुम्ही सांगता ती अडचण आमच्या भाषेत कडेची केस. शंभरात एक. शंभरातल्या एकासाठी नव्याण्णवांना जास्तीचा प्रश्न दाखवायचा नाही, असा नियम आहे. रुखमाबाईंना सांगा की पानाच्या तळाशी मदत क्रमांक आहे, त्यावर बोलावं.

आणि एक विनंती. या महिन्याअखेर मला फॉर्म मंजूर करणाऱ्या अकरा जणांच्या समितीसमोर भाषण द्यायचं आहे. तुम्ही एवढी वर्षं अर्ज लिहिले. चांगला अर्ज कसा लिहायचा, याचा तुमचा अनुभव मला कळवाल का? मी तुमचं नाव घेईन.

आईला सांगा, वेळेवर जेवतो.

तुमचा,
राजदीप

———

मूल,
२० जून २०२५

विषय : मदत क्रमांकाने केलेली मदत, आणि मागितलेला अनुभव.

राजदीप बेटा,

पाइप लपवताना तू नळही भिंतीत घातलास, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

मदत क्रमांकावर नजमाने फोन लावला. मराठीसाठी एक दाबला. दाखल्यासाठी तीन दाबला. गाणं लागलं. रुखमाबाईने ते सगळं ऐकलं आणि म्हणाली, "गानं चांगलं हाय." मग एक मुलगी आली. तिने विचारलं, वडील हयात आहेत की नाहीत? नजमा म्हणाली, तेच तर सांगून राह्यली ना! फोन चालू असतानाच तिच्या मोबाईलवर मेसेज आला : आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. तुझ्या आलेखात आम्ही आता कुठे आहोत? वरच्या बाजूला असणार.

आता अनुभव. एक, माणूस खुर्चीत बसला की त्याला नाव विचारायचं नाही. "काय झालं?" एवढंच विचारायचं. नाव त्यातच येतं. दोन, साहेब अर्जाची पहिली ओळ वाचत नाही, कारण तिथे नमस्कार असतो. शेवटची वाचत नाही, कारण तिथेही नमस्कार असतो. म्हणून खरं दुखणं तिसऱ्या ओळीत. तीन, माहिती लपवायला तू शाळेत शिकलास, मी चिंचेखाली शिकलो. प्रत्येक अर्जात मीही लपवायचो. बाईला नवऱ्याने घराबाहेर काढलं हे मी लिहीत नसे, कारण तो कागद सात टेबलांवरून जाणार आणि सातही टेबलांवर तिच्या नावाने चहा ढोसला जाणार. मी लिहायचो, "घरगुती कारणास्तव".

पण मग खरं कोणाला कळणार? त्यासाठी कचेरीत श्रीहरीभाऊ होता, आवक कारकून. आमचं ठरलेलं होतं. सहीखाली मी शाईची दोन टिंबं द्यायचो. टिंबं दिसली की तो कागद पुढे सरकवायचा नाही, बाजूला ठेवायचा. दुपारी चिंचेखाली यायचा. चहा त्याचा, पान माझं. विचारायचा, "बोला बाबूभाई, या कागदात काय लिहलं नाई ते सांगा." मी सांगायचो. ते त्याच्या पोटात राहायचं आणि कागदाला रस्ता मिळायचा. यात कधी कोणी कोणाच्या हातावर पैसा ठेवला नाही. टिंबं खोट्या माणसासाठी एकदाही दिली नाहीत, नाहीतर श्रीहरीने पान थुंकून टेबलच उचलून फेकलं असतं.

तो निवृत्त झाला. तुझ्या पडद्यावर टिंब द्यायचं ठरवलं, तर नजमा म्हणते काचेवर पेन चालत नाही.

भाषणात हे सगळं सांग. आणि हर्षासाठी तिसरा चौकोन टाक. एकेचाळीस दिवस आहेत.

बाबूचाचा

———

नागपूर,
१ जुलै २०२५

आदरणीय बाबूचाचा,

भाषण फार छान झालं! दोन टिंबांची गोष्ट सांगितली तेव्हा समितीतले लोक उभे राहिले. तुमचा फोटो पडद्यावर भिंतीएवढा दाखवला. खाली लिहिलं होतं, "क्षेत्रीय तज्ज्ञ". दिव्या मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, त्यांचे तर डोळे भरून आले. मला काचेचं मानचिन्ह मिळालं. तुमच्यासाठी शाल आहे, कुरियरने येईल.

तिसऱ्या चौकोनाचं मी विचारलं. खोटं बोलत नाही, खरंच विचारलं. "इतर, कृपया लिहा" असा मोकळा रकाना ठेवू का, म्हणून. समिती म्हणाली, मोकळी जागा ठेवली तर लोक तिथे लिहितील. मी म्हटलं, हो. तर ते म्हणाले, मग ते वाचावं लागेल. विषय तिथेच संपला आणि जेवण लागलं.

पण मार्ग आहे, आणि तो सोपा आहे. "हयात नाहीत" निवडा. मृत्यूचा दाखला नसेल तर पुढच्या पानावर स्वयंघोषणापत्र निघतं, त्यावर आईची सही चालते. कोणी तपासत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. व्यवहारात असं करावं लागतं, चाचा. तुम्हीच तर "घरगुती कारणास्तव" लिहायचात.

आपला,
राजदीप

———

मूल,
८ जुलै २०२५

विषय : तुझा सोपा मार्ग.

राजदीप,

शाल पोचली. उन्हाळा गेला, हिवाळा आला नाही, त्यामुळे सध्या नजमाच्या प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून घातली आहे. क्षेत्रीय तज्ज्ञ प्रिंटर.

तुझा मार्ग मी रुखमाबाईला सांगितला. मला सांगायचा नव्हता, पण दिवस कमी राहिलेत आणि माझ्याकडे दुसरा नव्हता. नजमाने "हयात नाहीत" वर बाण नेला. रुखमाबाईने तिचा हातच धरला. म्हणाली, "जित्या मानसाले मारून कागद नाई पायजे मले. तो मेला तं मी रडीन. अजून नाई रडली." आणि हर्षाकडे बघून म्हणाली, "उद्या नर्स होऊन तू लोकायले जगवशीन का बापाले मारूनच दवाखान्यात जाशीन?" मग दोघी उठल्या आणि शेवटच्या बसने गेल्या. पोरगी पुन्हा येईल असं मला वाटत नाही. कदाचित तीही मिरचीला जाईल.

आता तू माझ्या अंगावर टाकलेल्या वाक्याचं बघू. मी लपवलं ते सात टेबलांपासून, आणि एका माणसाला खरं सांगून. तू तर विचारणारा माणूसच काढून टाकलास आणि वरून म्हणतोस, खोटं लिहा, कोणी तपासत नाही. हे माझ्या धंद्याला लावू नकोस, मला राग येतो. आला आहे.

राग आला की माणूस करू नये ते करतो. मी माझा बिस्किटाचा डबा काढला. माझ्या प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत त्यात आहे. २००४ सालची एक प्रत सोबत पाठवतो. मागासवर्गीय वसतिगृहात प्रवेश मिळण्याबाबत, अर्जदार कुमार राजदीप रामटेके, इयत्ता आठवी. तिसरी ओळ वाच. "अर्जदाराचे वडील घुग्घुस येथे कोळसा खाणीत कामास असून पाळी चालू असल्याने समक्ष येऊ शकत नाहीत." सहीखाली बघ. दोन टिंबं आहेत.

तुझे वडील घुग्घुसला कधीच नव्हते, बेटा. तू सहा वर्षांचा असताना ते घरातून गेले. कुठे गेले हे तुझ्या आईलाही माहीत नव्हतं. राईस मिलमधून कोंड्याने माखलेली तशीच ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, पोराच्या कागदावर असं काही नको ज्यावरून पोरं त्याले चिडवतीन. मी घुग्घुस लिहिलं. श्रीहरीभाऊ दुपारी आला, मी खरं सांगितलं, त्याने वसतिगृहाच्या साहेबाला सांगितलं. तू आत गेलास.

तेव्हा तुझा फॉर्म असता, तर तुझ्या आईने काय दाबलं असतं?

बाबूभाई

———

मूल,
१८ जुलै २०२५
पोस्टकार्ड

राजदीप,

दहा दिवस झाले. मी ते पाठवायला नको होतं. आईचं गुपित होतं, माझं नव्हतं, आणि मी ते भांडणात वापरलं. माफ कर. तिला यातलं काही माहीत नाही.

हर्षाचे तेरा दिवस उरले.

बाबूचाचा

———

नागपूर,
२३ जुलै २०२५

बाबूचाचा,

माफी मागू नका. तुम्ही मला नवीन काही सांगितलं नाही.

नववीत असताना एका रविवारी मी वसतिगृहातून न सांगता घुग्घुसला गेलो. परीक्षेत पहिला आलो होतो, निकालपत्रक खिशात होतं. खाणीच्या गेटवर उभा राहिलो. पहिली पाळी सुटली, मग दुसरी. प्रत्येकाला विचारलं, रामटेके आहेत का? तीन रामटेके निघाले. तिघंही चांगले होते. एकाने समोसा खाऊ घातला. त्यातला एकही माझा नव्हता. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने मोटारसायकलवर परत सोडलं. अंगावर इतकी धूळ होती की वॉर्डनने विचारलं, खाणीत उतरला होतास काय.

आईला मी हे सांगितलं नाही. तिने इतक्या कष्टाने बांधलेलं घुग्घुस मोडवेना. त्यानंतर दरवर्षी वसतिगृहाच्या फॉर्मवर मी स्वतःच्या अक्षरात लिहीत गेलो : वडील, कोळसा खाण, घुग्घुस. कारकून रकाना वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा. दरवर्षी मला वाटायचं की याला कळलंय.

जुन्या फॉर्ममध्ये तेहतिसावा रकाना होता. "वडील सोबत राहतात काय? नसल्यास कारण." फॉर्म माझ्या हाती आला तेव्हा मी सगळ्यात आधी तो उडवला. बाकीचे चोपन्न नंतर. समितीला सांगितलं, वापरणाऱ्याचा वेळ वाचतो. त्यांना आवडलं. मला वाटलं होतं की आता कोणत्याच पोराला कारण लिहावं लागणार नाही. ज्या प्रश्नाने मला जाळलं तो प्रश्नच नाही, म्हणजे जळणं नाही. हर्षासारखी कोणी येईल आणि तिला तोच प्रश्न हवा असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा खरं तर आलं होतं. मी त्याला कडेची केस म्हणालो. कडेला मीच होतो.

आता कामाचं. फॉर्मची नवी आवृत्ती सोमवारी समितीपुढे ठेवली. तळाशी, निळ्या बटणाखाली, दोन टिंबं आहेत. समितीने ती पाहिली. एक सदस्य म्हणाले, साधेपणातलं सौंदर्य. दिव्या मॅडमनी आधी टिंबांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि पहिली सही त्यांनीच केली. टिंबांवर काय उघडतं ते सोबतच्या टिपणात सतराव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. अकरा जणांनी सह्या केल्या. सतरावं पान किती जणांनी उघडलं असेल ते तुम्हीच सांगा. मोकळी जागा ठेवली तर वाचावं लागतं, या भीतीने त्यांनी भरलेली जागाही वाचली नाही.

टिंबांवर दाबलं की रकाना उघडतो. वर दुसरा कोणताच प्रश्न नाही. फक्त तुमचे दोन शब्द आहेत : "काय झालं?" खाली सोबत आलेल्या पालकाचा मोबाईल नंबर, ओटीपी त्यावर जाईल. जे लिहिलं जाईल ते एकाच अधिकाऱ्याला दिसेल, दाखला देणाऱ्याला, पडद्यावर सगळ्यात वर. तो मजकूर वाचल्याशिवाय त्याचं पान पुढे सरकत नाही.

नवा फॉर्म आजपासून चालू आहे, रुखमाबाईंना परत बोलवा. आणि एक विनंती, आईला कळू देऊ नका की मला माहीत आहे.

राजदीप

———

मूल,
२ ऑगस्ट २०२५

विषय : दाखला, आणि तुझी विनंती फेटाळण्याबाबत.

राजदीप बेटा,

तुझं पत्र २६ तारखेला दुपारी मिळालं. नजमाने दुकान बंद केलं, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट पोंभुर्णा गाठलं. तिथून पुढे रुखमाबाईच्या गावापर्यंत रस्त्याचे इतके खड्डे होते की माझ्या पोटातले जुने अर्जसुद्धा हलले. ती धानाच्या रोवणीला गेली होती. बांधावरून नजमाने ओरडून सांगितलं, "बाई, टिंबं आली!" ती चिखलातून बाहेर आली आणि विचारलं, "कोनती टिंबं?" मी म्हटलं, पोरीला घे आणि चल, दाखवतो.

त्या संध्याकाळी नजमाच्या खुर्चीवर हर्षा स्वतः बसली. दोन टिंबांवर बाण नेला, रकाना उघडला. "काय झालं?" हे वाचून तिने कीबोर्ड जवळ ओढला. मी म्हटलं, सांग, मी चांगल्या भाषेत लिहून देतो. ती म्हणाली, "नाई, मीच लिहीन." मी पहिल्यांदाच कोणाच्या अर्जापासून दूर बसलो. तिने काय लिहिलं ते नंतर वाचलं. एवढंच होतं :

"माझे वडील कुठे आहेत माहीत नाही. ते मेलेले नाहीत. माझी आई इथे समोर बसली आहे, तिला विचारा."

ओटीपी रुखमाबाईच्या फोनवर आला. सहा आकडे तिने एकेक करून मोठ्याने वाचले.

अठ्ठावीसला रुखमाबाईला कचेरीतून फोन आला. साहेब नवीन आहे, तरुण आहे. म्हणाला, माझं पान पुढे जाऊन नाही राह्यलं, म्हणून विचारतो. पंधरा मिनिटं बोलला. पुढच्या पाच मिनिटांत दाखला निघाला. ३१ ला हर्षा कॉलेजात जमा करून आली. जागा तिची झाली.

आत्तापर्यंत एकट्या नजमाच्या केंद्रातून चौदा जणांनी टिंबं दाबली आहेत. तुझी कडेची केस बरीच मोठी आहे, आलेख काढ. समितीला कळेल तेव्हा तुझी नोकरी जाईल की दुसरं मानचिन्ह मिळेल, मला सांगता येत नाही. माझ्या बाजूला एक टेबल रिकामं आहे, एवढं लक्षात ठेव.

आता तुझी विनंती. काल तुझी आई आली होती. नातवाच्या वयाच्या पोरांना शिकवते आहे म्हणे, फोनवर फॉर्म कसा भरायचा ते. जाताना मला म्हणाली, "बाबूभाई, माह्या राजदीपले घुग्घुसचं कधी कळू देऊ नका. त्याले लई लागन." एकवीस वर्षं ती तुझ्यापासून लपवते आहे आणि वीस वर्षं तू तिच्यापासून. दोघांच्या मधे मी बसलो आहे, डबा मांडीवर घेऊन. मी म्हातारा झालो, बेटा. हा डबा मला आता जड होतो.

तेव्हा विनंती फेटाळण्यात येत आहे. तिला मी काही सांगितलं नाही आणि सांगणार नाही. हा अर्ज मी लिहून देणार नाही, तुला समक्ष हजर राहावं लागेल. रविवारी मूलला ये. तुझी आई दुपारी घरीच असते. आत गेल्यावर तिला नमस्कार करत बसू नकोस, निकालपत्रक आणि समोसा यापासूनच सुरू कर. उरलेलं ती विचारेल.

तुझा,
बाबूभाई शेख
. .